आधी किनारा बघा, मग खोली: अंदमानात मुक्काम ठरवताना

सासरे दुपारी साडेतीनला खोलीच्या व्हरांड्यात उभे होते. खांद्यावर टॉवेल, आयुष्यात पहिल्यांदा घातलेली बर्म्युडा. समोर बघून म्हणाले, "जावईबापू, समुद्र कुठं गेला?"

समुद्र खरंच नव्हता. नारळाच्या रांगेपलीकडं दीड-दोनशे मीटर काळपट चिखल, खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, कलंडलेल्या दोन होड्या आणि पार टोकाला एक निळी रेघ. मे महिन्यात सांगलीच्या बंधाऱ्याखाली कृष्णा उघडी पडते, तसं सगळं. बुकिंगच्या वेळी बघितलेल्या फोटोत पाणी खोलीच्या पायरीला लागलं होतं. फोटो खोटाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाणी खरोखर पायरीपाशी होतं. फोटो भरतीचा होता आणि आम्ही पौर्णिमेच्या ओहोटीला पोचलो होतो.

त्यानंतर मी अंदमानला आणखी दोनदा गेलो आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या शेजाऱ्यांपासून साताऱ्याच्या आत्यापर्यंत बऱ्याच जणांना मुक्काम ठरवायला मदत केली. प्रत्येक जण पहिल्यांदा खोलीचेच फोटो पाठवतो. पलंगावर टॉवेलचा हंस, खिडकीत समुद्र. महाबळेश्वरला हे चालतं, कारण तिथली दरी दुपारी कुठं जात नाही. बेटावर मात्र आधी तारीख, मग रात्री, मग किनारा आणि सगळ्यात शेवटी खोली, या क्रमानं गेलात तर फसगत कमी होते. तोच क्रम खाली दिला आहे.

आधी तारीख

दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पेपरात बातमी येते, 'मान्सून अंदमानात दाखल'. जतचा शेतकरी ती वाचून खूश होतो. पण त्याच दिवशी तुम्ही अंदमानात असाल तर बोट बंद, समुद्र खवळलेला आणि तुम्ही खोलीत पत्ते खेळत बसलेले. म्हणजे शाळेच्या सुट्टीत जायचं असेल तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा धरा, त्यापुढं नको. दिवाळीच्या सुट्टीचीही खात्री नाही, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं असतात. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत हवा उत्तम. त्यातले नाताळ ते नवीन वर्षाचे दहा-बारा दिवस सोडा. तेव्हा तीच खोली दुप्पट भावानं जाते आणि बोटीची तिकिटंही मिळत नाहीत.

द्राक्षबागायतदार किंवा ऊसतोडीच्या हंगामात अडकलेले असाल तर फेब्रुवारी-मार्च तुम्हाला जमणार नाही, हे मला माहीत आहे. मग एप्रिल. उकाडा असतो, पण पाणी स्वच्छ आणि शांत असतं.

रात्री मोजा

नवख्या माणसाचा गोंधळ नावांपासून सुरू होतो, म्हणून आधी नावं. २०१८ साली हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप झालं, नील बेटाचं शहीद द्वीप झालं आणि २०२४ मध्ये राजधानी पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं दिसतील, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनीच. मीही इथं जुनीच वापरतो.

विमान उतरतं ते पोर्ट ब्लेअरला. तिथून हॅवलॉक खासगी वेगवान बोटीनं साधारण दीड तास, सरकारी बोटीनं अडीच तासांच्या आसपास. हॅवलॉक ते नील तासाभराच्या आत. बोटी बहुतेक सकाळी आणि दुपारी सुटतात, रात्रीचं काही नाही.

आता आपल्या बाजूचा हिशोब करा. सांगलीकर मिरजेवरून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूर गाठतो किंवा कोल्हापूरहून विमान बदलत जातो, सातारकर हायवेनं पुणे. काहीही केलं तरी एक रात्र धड झोप होत नाही. पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत दुपार होते, डोळे लाल, मुलं चिडलेली. त्याच दिवशी पुढची बोट पकडायचा हट्ट करू नका. विमानाला दोन तास उशीर झाला तर बोटही गेली आणि हॅवलॉकच्या खोलीची त्या रात्रीची आगाऊ रक्कमही गेली. म्हणून पहिली रात्र पोर्ट ब्लेअर. परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्रही तिथंच, तिचं कारण पुढं येईल.

मधल्या रात्री उरतात तीन किंवा चार. एजंट त्या दोन हॅवलॉक, एक नील अशा वाटून देतात. विश्रांतीसाठी जाणाऱ्याला माझा सल्ला वेगळा आहे: एकच बेट घ्या आणि सगळ्या रात्री तिथंच काढा. बेट बदलायचं म्हणजे सकाळी सहाला बॅगा भरायच्या, जेट्टीवर तासभर आधी जाऊन रांगेत उभं राहायचं, उतरलं की पुन्हा रिक्षा आणि दुपारी एकपर्यंत खोली तयार नाही म्हणून रिसेप्शनच्या बाकावर बसायचं. तीन रात्रींत हे दोनदा केलंत तर सुट्टीचा एक अख्खा दिवस बाकावर जातो. नील बघायचंच असेल तर पाच रात्री काढा, नाहीतर पुढच्या खेपेला ठेवा.

किनारा: यातच सगळं आहे

हॅवलॉकवर गावांना नावं आहेत आणि नंबरही. जेट्टी एक नंबरला. गोविंदनगर म्हणजे तीन नंबर, तिथं बाजार. विजयनगर पाच नंबर. राधानगर सात नंबर. रिक्षावाल्याला नंबर सांगितला की पुरे. राधा, गोविंद, नीलवर भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर ही नावं ऐकून आपल्याला घरच्यासारखं वाटतं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना स्वातंत्र्यानंतर इथं वसवलं, त्यांची ही नावं. म्हणून गल्ल्यांत बंगाली ऐकू येतं, पण हिंदीवर सगळं भागतं. आणि 'दादा' म्हटलं की माणूस वळून बघतो, ती हाक दोन्हीकडं सारखीच.

तीन नंबर आणि पाच नंबर हे पूर्वेचे किनारे. बहुसंख्य हॉटेलं, बांबूच्या झोपड्या, डायव्हिंगची दुकानं, खाणावळी इथंच आहेत. झाडं पाण्यावर वाकलेली, सकाळचं ऊन थेट अंगावर. माझ्या सासऱ्यांचा समुद्र हरवला तोही इथंच. समुद्रतळ उथळ, त्यात खडक आणि प्रवाळ. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक सुमारे दोन मीटर पडतो. तळ उतरता असता तर दोन मीटर काहीच नाही, पण सपाट असल्यामुळं पाणी लांबवर मागं जातं. ओहोटीच्या आधी-नंतरचे दोन-तीन तास पोहणं विसरा. अनवाणी गेलात तर पाय कापतो.

सात नंबर, राधानगर, पश्चिमेला, जेट्टीपासून सुमारे बारा किलोमीटर. रुंद, पांढरी, पिठासारखी वाळू, मागं उंच झाडांचं जंगल. २००४ मध्ये टाइम मासिकानं याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना देतात ते ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथं ओहोटीलाही पाण्यात उतरता येतं, कारण तळ वाळूचा आहे. सूर्यास्त इथलाच. अडचण अशी की मुक्कामाची ठिकाणं मोजकी आणि त्यातली काही खूप महाग. ताजचं हॉटेल इथंच आहे. संध्याकाळ झाली की शिट्ट्या वाजतात, सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात आणि किनारा रिकामा होतो. जेवायला बाहेर दुसरीकडं जायचं तर रिक्षाचे पैसे दोन्ही बाजूंनी मोजावे लागतात.

मग राहायचं कुठं? दिवसभर पाण्यात डुंबणारी मुलं असतील आणि खिसा परवानगी देत असेल तर राधानगर. नाहीतर पाच नंबरला राहा आणि दुपारी तीनला स्कूटर भाड्यानं घेऊन किंवा रिक्षा ठरवून राधानगरला जा. आम्ही नंतर दोन्ही वेळा हेच केलं. सकाळी खोलीसमोर भरतीत पाय बुडवायचे, दुपारी झोपायचं, संध्याकाळी सात नंबर.

नील लहान आहे, शांत आहे, सायकलवर फिरण्याजोगं. भरतपूर जेट्टीला लागून, पाणी उथळ आणि निळं, लहान मुलांना बरं, पण काचेच्या तळाच्या होड्यांची गर्दी तिथंच. लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सीतापूरला सूर्योदय. दगडाची नैसर्गिक कमान बघायची तर ती ओहोटीलाच नीट दिसते. म्हणजे इथं ओहोटी कामाची. ज्यांना काहीही न करता पडून राहायचं आहे त्यांनी माझ्या मते हॅवलॉकऐवजी लक्ष्मणपूरच्या बाजूला खोली बघावी. आत्यांना मी तिथंच पाठवलं. चार दिवसांत त्यांनी एक स्वेटर विणून आणला, तोही अंदमानच्या उकाड्यात.

भरती-ओहोटीची वेळ नेटवर पोर्ट ब्लेअरच्या नावानं मिळते, तुमच्या तारखांची बघून ठेवा. कोकणात तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात, ते गणित तिथं जसंच्या तसं लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. एवढं मात्र सगळीकडं खरं, की वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी तीनला ओहोटी असेल तर चौथ्या दिवशी साडेपाचच्या सुमारास.

आणखी एक. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका पर्यटक तरुणीचा त्यात जीव गेला होता. सूचनेची पाटी असेल तिथं, खाडीच्या तोंडाशी किंवा कांदळवनाजवळ पाण्यात उतरू नका. हॉटेल खाडीला लागून आहे का, हे नकाशावर बघून घ्या.

जाहिरात वाचायची कशी

'बीचफ्रंट' म्हणजे हॉटेलची जागा किनाऱ्याला लागून आहे. तुमची खोली मागच्या बाजूला, जनरेटरशेजारी असू शकते. 'सी व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो, कधी नारळाच्या दोन झावळ्यांमधून. 'बीच ॲक्सेस' म्हणजे चालत जाता येतं, पाच मिनिटं की वीस हे विचारावं लागतं. 'गार्डन कॉटेज' म्हणजे समुद्राचा संबंध नाही, पण भाव कमी. मला तर गार्डन कॉटेज हा सगळ्यात शहाणा सौदा वाटतो. खोलीत आपण झोपायलाच जातो, समुद्र बाहेर फुकट आहे.

नकाशावर उपग्रहाचं चित्र लावा आणि हॉटेलसमोरचा पट्टा मोठा करून बघा. पाण्याखाली तपकिरी-काळे डाग दिसले तर खडक. सलग फिकट निळं-पांढरं दिसलं तर वाळू. मग लोकांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलनं टाकलेले नकोत. त्यातही दुपारचे आणि पावसाळ्यातले शोधा. प्रतिक्रियांमध्ये 'सुंदर', 'मस्त' हे सोडून द्या आणि 'पाणी', 'लाईट', 'मच्छर', 'नाश्ता' हे शब्द कुठं येतात ते वाचा.

खोली

बांबूची झोपडी फोटोत फार देखणी दिसते. दोन हजारांच्या आसपासही मिळते. पण भिंतीला फटी असतात, शेजारचा घोरला तर तुम्हाला कळतं आणि एसी असला तरी गारवा टिकत नाही. नवरा-बायको दोघंच असाल, पंचविशी-तिशीत असाल तर जरूर राहा. साठीच्या आई-वडिलांना पक्की खोली, तळमजला, कमोड, बाथरूममध्ये उंबरा नसलेली. काही कॉटेज खांबांवर उभी असतात आणि आठ-दहा लाकडी पायऱ्या पावसात शेवाळतात.

तंबू? आमच्या पुतण्यानं हौसेनं घेतला. पहाटे पाचच्या सुमारासच उजाडतं, कारण अंदमान खूप पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच. सहाला तंबूचा तवा झाला. तसंच संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार पडतो, म्हणजे सांगलीच्या सवयीनं 'संध्याकाळी फिरायला जाऊ' म्हणाल तर काळोखच.

वाळूत बसलं की चावणाऱ्या बारीक माश्या असतात, सँडफ्लाय. डासासारखा आवाज नाही, दिसतही नाहीत आणि खाज आठवडाभर. खोलीला जाळी आहे का ते विचारा. खोबरेल तेल अंगाला चोळून जा, आमच्या सासूबाईंचा हा उपाय बराच चालला.

फोन लावून विचारा

ऑनलाइन पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट फोन लावाच. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेट बरं चालतं, फोनही लागतो. विचारायचं ते असं: लाईट गेली तर जनरेटर रात्रभर चालतो का, आणि त्यावर एसी चालतो का फक्त पंखा? (बेटांवर वीज बहुतांशी डिझेलवरची, जाते.) बाथरूमचं पाणी गोडं की मचूळ? पहाटेच्या बोटीला निघायचं तर नाश्ता बांधून देता का? जेट्टीवर न्यायला गाडी येते का, तिचे पैसे वेगळे का? आम्ही अकराला पोचलो तर बॅगा ठेवून बाथरूम वापरता येईल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हवामानामुळं बोट रद्द झाली आणि आम्ही पोचलोच नाही, तर पैशांचं काय? याचं उत्तर फोनवर घ्या आणि नंतर व्हॉट्सॲपवर लिहूनही मागा. "बघू, काहीतरी करू" असं उत्तर आलं तर दुसरी खोली शोधा.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचं आधी विचारावं. मासे सगळीकडं. डाळ-भात, भाजी, पोळीही मिळते, पण बऱ्याच ठिकाणी मोहरीच्या तेलातली. ज्यांना तो वास चालत नाही त्यांनी आधीच सांगावं. जैन जेवण मोजक्याच ठिकाणी. भडंगाची दोन किलोची पिशवी मात्र न्याच. जेट्टीवरच्या तासाभराच्या रांगेत तिच्यामुळं आम्हाला तीन अनोळखी कुटुंबं दोस्त म्हणून मिळाली.

पॅकेज की स्वतः?

स्वतः बुकिंग करायचं तर आधी विमान, मग बोट, मग खोली. खोली आधी घेतलीत आणि त्या दिवशीची बोटच भरली तर पंचाईत.

पॅकेज घेतलंत तर एजंटच्या कागदावर हॉटेलच्या नावापुढं 'किंवा तत्सम' असे दोन शब्द असतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला याच दोन शब्दांवर पाच नंबरऐवजी बाजाराच्या मागच्या गल्लीतली लॉज मिळाली. हॉटेलचं नाव, खोलीचा प्रकार आणि गाव नंबर कागदावर लिहून घ्या. हॉटेल बदलायचं तर आम्हाला विचारून, ही ओळही. नाश्ता धरून भाव आहे की रात्रीचं जेवणही, बारा वर्षांच्या मुलाला जादा गादीचे पैसे किती, हे त्याच बैठकीत. जीएसटी वेगळा का तेही बघा: सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे, त्यापुढं १८. आठ हजारांची खोली घेताना साडेसातला देता का म्हणून घासाघीस करण्याचं हे चांगलं कारण आहे.

भारतीयांना या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. प्रत्येकाचं आधार कार्ड मात्र मूळ न्या, मुलांचंही. बोटीवर आणि हॉटेलात दोन्हीकडं मागतात. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा.

शेवटची रात्र

ती पोर्ट ब्लेअरला का, त्याची दोन कारणं. एक, बोट रद्द झाली तर हातात एक दिवस राहतो. दुसरं, स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणं, केलं असेल तर त्यानंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो.

इथं समुद्र शोधू नका. ॲबरडीन बाजाराच्या आसपास साधी स्वच्छ खोली घ्या. सेल्युलर जेल चालत जाण्यासारखं, विमानतळही गावातच, चार-पाच किलोमीटरवर. आपल्याकडची बहुतेक माणसं सावरकरांच्या कोठडीसाठी जातातच. १९११ ते १९२१ ते तिथं होते. त्या पायऱ्या चढून जायच्या म्हणजे वडीलधाऱ्यांना सकाळची गार वेळ बरी. म्हणून पहिल्या दिवशी थकून नको, या शेवटच्या मुक्कामात.

निघताना बॅग पुन्हा उघडून बघा. नातीनं किनाऱ्यावरून उचललेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे तळाशी सापडतील. ते नेण्याला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. आमच्या सासऱ्यांच्या बर्म्युडाच्या खिशातून तिसऱ्या खेपेलाही एक निघाला.